घोट्याची पकड

१० फेब्रुवारी, सोमवार

महिना झाला ही वही घेऊन. त्रिचीच्या स्टँडवर घेतली, आत नाव घातलं, आणि तेव्हापासून तिच्यावर प्लेट ठेवून इडली खातोय. आज लिहू, उद्या लिहू. आज लिहितोय ते कामच थांबलंय म्हणून. आभाळ आलंय, कॅमेरावाल्याला ऊन हवंय, आणि तो खुर्चीत घोरतोय.

काम फाइटरचं, म्हणजे सिनेमात मार खाणाऱ्याचं. मिरज सोडली तेव्हा आयटीआयचं एक वर्ष राहिलं होतं — अजून राहिलंयच. मध्ये हंपीत हॉटेलात होतो, मग चेन्नईत नटराज मास्टरांच्या हाताखाली. मास्टर मारामाऱ्या बसवतात, आम्ही पडतो. मी छान पडतो असं मास्टर म्हणतात. बाकी कशाबद्दल कुणी मला छान म्हटल्याचं आठवत नाही.

या खेपेला मारामारी नाही, कबड्डी! तमिळ सिनेमा. तंजावूरहून पापनाशमकडे जाताना एक गाव, भात कापून मोकळं झालेलं रान, त्यात निळी-पिवळी मॅट. गोष्ट अशी — शेतमजुराची अनवाणी पोर गावच्या संघातून खेळते आणि शहरातल्या श्रीमंत पोरींना हरवते.

शेतमजुराची पोर झालीय ती ठाण्याची. तिला मॅडम म्हणायचं. पांढरीफटक आहे, म्हणून रोज सकाळी बसवून तिला सावळा रंग फासतात. आणि शहरातल्या श्रीमंत पोरी कोण? तर याच गावातल्या, खरोखरच्या कबड्डी खेळणाऱ्या. त्यांना पावडर लावून उजळ करतात, पांढरे बूट घालतात. शेजारी शेजारी दोन खुर्च्या — एकीवर काळं करणं चालू, दुसरीवर गोरं. मी ते बघत बसलो आणि मास्टरांच्या शिव्या खाल्ल्या.

मॅडमला तमिळ येत नाही. मला तोडकंमोडकं येतं. म्हणून मास्टर आणि मॅडम यांच्यामध्ये मी.

ऊन आलं.

११ फेब्रुवारी

संगीता पडत नाही.

ही त्या 'शहरातल्या' संघाची कप्तान. सिनेमाचा शेवट तिच्यावर आहे. ती चढाई करून परत फिरते, मॅडम झेपावून तिचा उजवा घोटा धरते, संगीता मध्यरेषेच्या अलीकडे कोसळते, गाव जिंकतं. एवढंच.

मॅडमने घोटा धरला. संगीता तिला पोत्यासारखी ओढत रेषेपार घेऊन गेली. सगळं युनिट हसलं. मास्टर म्हणाले, अम्मा, तुला हरायचंय. ती म्हणाली, सेरी मास्टर, म्हणजे बरं. पुन्हा घोटा, पुन्हा पोतं. मॅडमच्या पोटावरचा सावळा रंग मॅटला लागला.

मुद्दाम करत नव्हती. म्हणाली, मी सांगते त्याला, पण पाय ऐकत नाही.

मास्टरांनी माझ्याकडे बोट केलं — हिला पडायला शिकव.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस शाळा. माझी मास्तरकी!

घोट्याला हात लागला की अंग सोडायचं. आधी गुडघा, मग कंबर, हनुवटी छातीला, खांद्यावर लोळण, तळवा सपकन मॅटवर. हात लागला की मी ओरडतो, 'विडु!' म्हणजे सोड. तिने विचार करायचा नाही. विचार केला की पाय जिंकतो.

तमिळ अडलं की सुप्रभा मदतीला येते. ही त्याच संघातली, घर तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत, आणि घरात मराठी. तिचं मराठी ऐकून मी पहिल्यांदा गार पडलो. जुन्या बखरीतलं कुणी तमिळ हेल काढून बोलावं तसं. तिला माझं उलट वाटतं. म्हणाली, "तुम्ही बोलतां कीं भांडतां, मज कळत नाहीं."

वत्सला टीचर बाजूला खुर्चीत बसून असतात. शाळेत पीटी शिकवतात, संघ त्यांनीच उभा केलाय. पोरी सिनेमाला का दिल्या म्हणून विचारलं. मॅटसाठी, म्हणाल्या. हल्ली निवड चाचणी मॅटवर होते आणि यांच्याकडे फक्त माती. शूटिंग संपलं की मॅट गावाला ठेवायची, हा सौदा.

१४ फेब्रुवारी

दिवसभर विडु, विडु. चहावाल्याने ग्लास दिला तेव्हाही तोंडातून विडु. त्याने सोडला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. तंजावूरचं मोठं देऊळ बघायला निघालो, वाटेत एक माणूस वीणेचा भोपळा कोरत होता, तिथंच दुपार झाली. देऊळ राहिलं. मग सुप्रभाने घरी नेलं.

वडील कृष्णाजी, सरकारी नोकरीतून निवृत्त. महाराष्ट्र कधी पाहिला नाही. मला विचारलं, तिकडे अस्के लोक मराठीच बोलतात काय? अस्के म्हणजे सगळे. होय म्हटलं. बाजारांतही? होय. बराच वेळ मान हलवत राहिले.

आई अंबुजाबाई मराठी मालिका बघतात. डिशवर मुद्दाम चॅनेल घेतलंय. आणि मॅडम त्यांच्या ओळखीची निघाली! दोन वर्षं एका मालिकेत धाकटी जाऊ होती, थोरलीला छळायची. अंबुजाबाईंना तिला एकदा जेवायला बोलवायचंय. कशाला म्हटलं, तर म्हणाल्या, विचारायचें आहे.

कृष्णाजींनी ही वही हातात घेऊन उलटी-सुलटी पाहिली. घरात मराठी बोलतात सगळे, नागरी अक्षर एकालाही लागत नाही. म्हणाले, "निर्धास्त लिहा. येथें चोरीस गेली तरी कोणी वाचणार नाहीं."

१७ फेब्रुवारी

शॉट झाला. काय पडली संगीता! वाऱ्याने वाळत घातलेली साडी खाली यावी तशी. मास्टरांनी माझ्या पाठीत थाप मारली.

मग तेच वरून, तेच खालून, तेच फक्त घोटा, फक्त तळवा, फक्त तोंड. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत ती पडत होती. बाजूला जमवलेली गर्दी मॅडमला ओरडून सांगायची, 'विडादे! विडादे!' मॅडमने मला विचारलं, काय म्हणतायत? म्हटलं, सोडू नको म्हणतायत. मग ती दिवसभर तेवढाच एक शब्द घोकत फिरली. तिचं तमिळ तेवढंच.

एक राहिलं. पहिल्या दिवशी मॅडमची नखं संगीताच्या पायाला लागली होती. त्याच दुपारी तिने मेकअपवाल्याची कात्री घेऊन सगळी नखं कापून टाकली. मेकअपवाला रडकुंडीला आला.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी पोरींचा सराव बघायला गेलो. काम नव्हतं. कालव्याकडेला त्यांचं मातीचं मैदान आहे.

संगीताने चढाई केली, परत फिरली, सुप्रभाने घोट्याला हात घातला. संगीता पडली. तशीच — गुडघा, कंबर, खांदा, तळवा सपकन. कुणीतरी ओरडलं, 'कट! ओके!' सगळ्या हसल्या, संगीताही हसली.

दुसऱ्यांदा पडली तेव्हा कुणी हसलं नाही.

१९ फेब्रुवारी

वत्सला टीचरांनी बोलावून घेतलं. शाळेच्या व्हरांड्यात, उभ्यानेच.

येत्या रविवारी पापनाशमला जिल्ह्याची निवड चाचणी. संगीता निवडली गेली तर पुढे राज्य, आणि मग पोलिसात खेळाडूंच्या जागेवर अर्ज. वयाचं शेवटचं वर्ष. यंदा हुकलं तर कापडाच्या दुकानात घड्या घालते, तेच आयुष्यभर. हे सगळं टीचरांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या —

"तू घातलंस. तूच काढ."

मी म्हटलं, टीचर, पडायला शिकवतात. न पडायला कसं शिकवतात ते कुणी मला शिकवलं नाही.

"मग शिक," म्हणाल्या आणि घंटा द्यायला गेल्या.

२० फेब्रुवारी

शिकलो थोडं. पोरींना सांगितलं, जोरात धरा, जीव खाऊन धरा. तसं धरलं की संगीता पडत नाही! झटकते, ओढते, रेषेपार जाते. मला वाटलं झालं काम.

पण हलकेच, अर्धवट, घसरत हात लागला की खलास. अंग सुटतंच. शॉटच्या दिवशी मॅडमचा हलका हात दिवसभर लागत होता, त्यानेच शिकलंय ते. चाचणीत निम्मे हात असेच लागणार, सगळ्यांनाच कुठं पहिल्या झटक्यात नीट पकड मिळते? आणि पोरींना तसा हलका हात मुद्दाम लावता येत नाही. एक तर घट्ट धरतात, नाही तर संगीताअक्का पडेल म्हणून भीतीने सोडूनच देतात. हातच सोडला, तर संगीता ओढणार कशाला?

मॅडमचं शेवटचं काम आज संपलं. उद्या त्रिचीहून विमान.

मध्येच ते जेवण. अंबुजाबाईंनी शेवटी मॅडमला नेलंच. सांबार, डांगर पचडी, केळीच्या पानावर सगळं. मॅडमच्या कानामागे थोडा सावळा रंग राहिला होता. पहिला घास घेतला, तोच अंबुजाबाई म्हणाल्या, "थोरल्या जावेस तूं फार छळलेंस."

"अहो काकू, तसं लिहून दिलेलं असतं."

"असो. परंतु छळलेंस."

मॅडम म्हणाली, माझी आईसुद्धा दोन महिने माझ्याशी धड बोलत नव्हती. अंबुजाबाईंनी तूप वाढलं.

सुप्रभाने संगीताचं सगळं सांगितलं. कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून उठून घोटा धरून दाखवला. मॅडम खात होती. तिने एवढंच विचारलं, "कुठला पाय?"

"उजवा."

"हं." आणि आणखी पचडी मागितली.

मला वाटलं, संपलं. यांना काय, उद्या मुंबई, परवा साबणाची जाहिरात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

युनिट गेलं. व्हॅन सहाला सुटली. मी चहाच्या टपरीवर, कारण एकजण मोपेडचं इंजिन उघडून बसला होता आणि एवढ्याशा पेटीत एवढे तुकडे कसे मावतात ते बघत होतो. मास्टरांचा फोन आला, शिव्या आल्या, पुढच्या कामाला सोमवारी बसने पोल्लाचीला ये म्हणाले. सोमवार म्हणजे चाचणीनंतर. मी काही मुद्दाम केलं नाही.

मॅट मात्र ठेवून गेले, बोलल्याप्रमाणे. शाळेमागे अंथरलीय. पोरींनी आत पाय टाकण्याआधी वाकून मॅटला हात लावला, कपाळाला लावला. शूटिंगच्या इतक्या दिवसांत हीच मॅट होती, एकदाही हात लावला नव्हता. मी सुप्रभाला विचारलं. म्हणाली, तेव्हां खेळ कुठे होता?

संगीता पाच चढाया चांगल्या खेळली. सहाव्या वेळी एका लहान पोरीचा हात घसरत घोट्याला लागला. गुडघा, कंबर, खांदा, तळवा.

पडल्यावर उठलीच नाही बराच वेळ. दुखलं नव्हतं. टीचर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी पाणी घेऊन गेलो. ती आडवीच, आभाळाकडे बघत. तमिळमध्ये, सावकाश, मला कळावं म्हणून म्हणाली (तंबी म्हणजे धाकटा भाऊ) —

"पिक्चरमध्ये मी हरणारच आहे, तंबी. सगळं गाव तिकीट काढून बघणार. वर्षानुवर्षं टीव्हीवर लागणार, दर पोंगलला मी पडणार. ते झालं. पण रविवारी—"

बाटली घेतली, तोंड धुतलं.

मॅडमचा तो हात परत आणला तर जमेल, असं मी म्हटलं. म्हणजे पहिल्या दिवशी ओढलं होतं ना पोत्यासारखं, तसं पुन्हा ओढायला मिळालं तर पायाला आठवेल. सुप्रभा म्हणाली, तो हात आतां विमानांत असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळ. गावच्या थांब्यावर, पिशवीवर बसून लिहितोय. सराव सुरू झालाय, इथून शिट्टी ऐकू येते. तिकडे जावंसं वाटत नव्हतं. उद्या चाचणीलाही जाऊ नये असं ठरवत होतो.

आत्ताच तंजावूरची टाउन बस आली. एक पोरगी उतरली. टोपी, साधी ट्रॅकपँट, पायात काही नाही — चप्पल हातात. पांढरीफटक. कंडक्टरने ओळखलं नाही, मी तर नाहीच. थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हटलं, मॅडम! विमान?

"गेलं ते." टोपी काढून माझ्या पिशवीवर टाकली. "मॅट कुठं टाकलीय? आणि तिला तमिळमध्ये नीट सांग, आज अजिबात दया करायची नाही. उजवाच ना?"