कोपऱ्यातला शब्द

११ जानेवारी, सोमवार

माउसचा बाण सापडेना. पडद्यावर कुठेतरी असतो, मी हात हलवत राहते, माझ्या नजरेच्या वाटेत आला तर आला. आज इतका वेळ गेला की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "हँग झालं का?" मी म्हणाले, हो.

हँग काही झालं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी सांगितलं, तेच. दोन्ही बाजूंनी नजर मिटत चालली आहे. समोरचं नीट दिसतं, पण नळीतून पाहिल्यासारखं. नळी बारीक होत जाणार. किती वेळात? "काहींना वीस वर्षं लागतात, काहींना पाच. औषध नाही." बाई चांगल्या आहेत. खोटा धीर दिला नाही.

म्हणून ठरवलंय, माउस सोडायचा. ऑफिसात दाढीवाला बसतो, तो प्रोग्रॅम लिहायला जो एडिटर वापरतो तो शिकायचा. त्यात सगळं काम बटणांवर चालतं, पडद्यावर काही शोधत बसावं लागत नाही म्हणे. आणि सरावासाठी रोज त्यातच काहीतरी लिहायचं. हे ते काहीतरी. कुणी वाचणार नाहीये.

१३ जानेवारी

दाढीवाल्याला विचारलं. दोन वर्षं शेजारी बसतो, पण कामाशिवाय बोलणं हेच पहिलं. त्याच्या माउसची तारसुद्धा जोडलेली नाही, नुसता टेबलावर पडून असतो.

"कशासाठी शिकायचंय?"

"काम लवकर उरकायला."

"सुरुवातीला दुप्पट वेळ लागेल. चिडायचं नाही."

मग उभ्याउभ्याच सांगितलं. या एडिटरच्या दोन अवस्था. एकीत आपण जे बटण दाबू ते अक्षर उमटतं, कुठल्याही साध्या पाटीसारखं. दुसरीत तेच बटण हुकूम होतं. जे म्हणजे खाली, के म्हणजे वर. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ गेली. यू दाबला की झालेली चूक मागे. लिहायला लागायचं तर आय, लिहून झालं की एस्केप. "आत्ता तू कुठल्या अवस्थेत आहेस, ते खाली डाव्या कोपऱ्यात लिहून येतं. तिकडे लक्ष ठेवायचं. बाकी सगळं बोटं शिकतात."

खाली डाव्या कोपऱ्यात. मी मान डोलावली.

१४ जानेवारी

मराठीत लिहिताना आणखी एक तऱ्हा. कीबोर्ड मराठी असला की हुकूम चालत नाहीत. मी हुकूम देते, तो ऐकून घेत नाही. मग कीबोर्ड इंग्रजी करा, हुकूम द्या, परत मराठी करा. वरच्या या चार वाक्यांना पाऊण तास लागला.

१८ जानेवारी, सोमवार

रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरीणबाईंकडे. दुसरं काही नाही, तेच आहे. आणि घराण्यातून येतं. "आईवडिलांपैकी कुणाला होतं का?"

आई दारातल्या बादलीला अडखळायची. उघड्या कपाटाच्या दारावर आपटायची. आम्ही तिला धांदरट म्हणायचो. बाबा, दादा, मी, सगळेच. तीही हसायची.

"भावंडं आहेत?"

"एक मोठा भाऊ."

"त्यांना तपासून घ्यायला सांगा. काय करतात ते?"

मी सांगितलं, लांब पल्ल्याची बस चालवतो. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग लवकर सांगा."

१९ जानेवारी

नाही सांगितलं.

२४ जानेवारी, रविवार

दादाचा फोन येतो पंधरा दिवसांतून एकदा. आज आला. चार मिनिटं. जेवण झालं का, पाणी येतं का, घरमालकाने भिंतीची ओल दुरुस्त केली का. मी विचारलं, "तुझं कसं चाललंय?" म्हणाला, "चाललंय." मग दोघंही गप्प. मग "बरं, ठेवतो."

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्याची गाडी या शहरात मुक्कामाला असली की तो इथे यायचा, खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा, प्रवाशांच्या नकला करायचा. हल्ली येत नाही. "सुट्टी जमत नाही गं." मीही जात नाही. त्याच्या गावची गाडी संध्याकाळी पोचते आणि अंधारात मला रस्ता दिसत नाही, हे त्याला काय सांगणार? काहीतरी ऑफिसचं कारण सांगते. त्याला वाटत असणार, बहिणीला शिंगं फुटली. वाटू दे.

सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण ड्रायव्हरला "तुझे डोळे तपास" म्हणजे "तुझी गाडी सोड" असंच ना? त्याने दुसरं काही केलेलंच नाही आयुष्यात. शाळेत वहीच्या मागच्या पानावर स्टिअरिंग काढायचा.

२८ जानेवारी

एक गंमत कळली. ओळीचा नंबर टाकायचा आणि मोठा जी दाबायचा, की थेट त्या ओळीवर. दोनशे चौदा म्हटलं की दोनशे चौदा. डोळ्यांनी रांगत जायला नको. शब्द शोधायचा तर त्याचं नाव घ्यायचं, तो समोर हजर. आज दुपारी मी दाढीवाल्यापेक्षा आधी काम संपवलं. त्याने कानातले इअरफोन काढून विचारलं, "झालं?" मी म्हणाले, झालं. एवढंच. पण घरी येईपर्यंत छान वाटत होतं.

कुणाला सांगावं असं वाटलं. मग हे लिहिलं.

३ फेब्रुवारी

मॅनेजरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ. "कामाबद्दल काही म्हणणं नाही. पण लोकांचं म्हणणं येतं — तुम्ही ओळख देत नाही. काल कुणीतरी हात पुढे केला, तुम्ही तशाच निघून गेलात म्हणे. जरा माणसांत मिसळा."

कुणी हात पुढे केला होता, कोण जाणे. कुठल्या बाजूने, कोण जाणे.

मी म्हणाले, लक्षात ठेवते.

७ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभरात एकच वाक्य बोलले. इस्त्रीवाला आला होता. "उद्या द्या."

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

चूक झाली आणि साधी नाही.

आमचं सॉफ्टवेअर रक्त तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट तयार करतं. त्यात एक ओळ अशी, की आकडा धोक्याचा असेल तर तो लाल छापायचा. त्या ओळीच्या सुरुवातीला मला तारखेची टीप लिहायची होती. मला वाटलं मी लिहायच्या अवस्थेत आहे. इंग्रजीत तारखेचा शब्द सुरू केला. पहिलं अक्षर मोठा डी. पण मी होते हुकुमाच्या अवस्थेत, आणि तिथे मोठा डी म्हणजे इथून पुढची ओळ पुसून टाक. पुसली गेली. दुसरं अक्षर ए, तोही हुकूमच, इथून पुढे लिही. मग उरलेली अक्षरं शहाण्यासारखी उमटली. मला वाटलं पहिली दोन बटणं नीट दाबली गेली नाहीत. ती परत लिहिली, सेव्ह केलं, घरी आले. बुधवारची गोष्ट.

आज चाचणीत दाढीवाल्याला दिसलं, की सगळे आकडे काळे. रक्तातली साखर पाचशे आणि काळी. गाठलं वेळेत, बाहेर कुठे गेलं नव्हतं. त्याने ओळ परत बसवली. मग खुर्ची माझ्याकडे ओढली.

"कोपऱ्यात बघत नाहीस का?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मीही काहीतरी उलट बोलले असते. मी म्हणाले, राहून गेलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी कुणाचा तरी रिपोर्ट असेल." आणि गेला.

कोपऱ्यात बघायला मला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की ओळ हरवते. हे त्याला कसं सांगू.

१३ फेब्रुवारी

घरीच. काही लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. दाढीवाला जागेवरच खातो, रोज बरोबर एक वाजता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मला कोपरा दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसतच नाही. समोरचं सोडून काही दिसत नाही. वाढत जाणार आहे. म्हणून मी हे शिकतेय."

त्याने डबा बंद केला. मला वाटलं आता हा मॅनेजरबाईंकडे जाणार. मग त्याने विचारलं, "समोर किती दिसतं? हातांनी दाखव." मी दोन्ही हातांनी दाखवलं, साधारण जेवणाच्या ताटाएवढं. त्याने माझ्या मशीनवर बसून सेटिंगच्या फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या. आता लिहायच्या अवस्थेत गेले की जिथे लिहिते ती पूर्ण ओळ पिवळी होते. हुकुमाच्या अवस्थेत काळी. कोपऱ्यात बघायचं कामच नाही.

"आधी बोलली असतीस तर आधी केलं असतं," म्हणाला. आणि डबा परत उघडला.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

१६ फेब्रुवारी

आज येताना दाढीवाला म्हणाला, "मी उजवीकडून येतोय." खुर्ची सरकवताना म्हणाला, "खुर्ची मागे घेतोय." स्टेशनवर घोषणा करतात तसं, कोरड्या आवाजात. दोन वेळा हसू दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं गेलं नाही.

मॅनेजरबाईंना मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग बोलायचं नाही का?" सगळे हेच म्हणतात. बोलणाऱ्याला काय वाटतं, ते बोलून झाल्यावरच कळतं.

२० फेब्रुवारी

शनिवार. दादाला उद्या फोन करायचा. परक्या माणसाला सांगितलं आणि सख्ख्या भावाला नाही, हे काही खरं नाही. शिवाय त्याच्या मागे रोज पन्नास माणसं बसतात. महिना झाला डॉक्टरीणबाईंनी सांगून. या महिन्यात काही झालं असतं तर?

माझ्या डोळ्यांची दया मलाच येत होती. पन्नास माणसं मी धरलीच नव्हती.

२१ फेब्रुवारी, रविवार

केला फोन. सकाळी दहाला.

सगळं एका दमात सांगितलं. माझे डोळे, आईचे डोळे, तपासून घे, लगेच घे, तोवर गाडीवर जाऊ नकोस. मी रडणार नव्हते आणि रडले नाही. पलीकडे काहीच नाही. मी म्हणाले, "ऐकतोयस का?"

"ऐकतोय."

"जाशील ना डॉक्टरकडे?"

मागे वहिनींचा आवाज आला, "कोण आहे?" त्याने उत्तर दिलं नाही. मला म्हणाला, "बरं. ठेवतो." आणि ठेवला.

बरं, ठेवतो! म्हणजे नेहमीसारखंच. जणू मी पाण्याबद्दल बोलत होते.

२३ फेब्रुवारी

दोन दिवस झाले. फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

त्याचं आयुष्य मी मोडलं असं वाटतं. मोडायला हवंच होतं, हेही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं.

२५ फेब्रुवारी

दाढीवाल्याने विचारलं, "घरी सांगितलंस?" म्हणाले, भावाला. "मग?" मग काही नाही, बोलत नाही तो. दाढीवाला थोडा वेळ बटणं बडवत राहिला. पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "माझे वडील ऐकायला कमी येतं हे सहा वर्षं लपवत होते. आम्हाला वाटायचं रागावलेत."

२७ फेब्रुवारी

आज कीबोर्ड बदलायचं विसरले नाही एकदाही. बोटं शिकली. घर मात्र इतकं शांत आहे की बटणांचा आवाज मोठा वाटतो.

२८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वहिनींचा फोन. "वन्सं, हे बोलायचे नाहीत म्हणून मीच करतेय." दादा चार वर्षं गाडीवर नाही. डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतो. डोळ्यांमुळेच. पहिल्या तपासणीतच डॉक्टरांनी बहिणीला कळवा म्हटलं होतं, पण हा म्हणाला, ती एकटी राहते, घाबरेल, नको. म्हणून इकडे येणं बंद केलं. त्याला चालताना पाहून मला कळलं असतं.

मी भयंकर चिडले. चार वर्षं! मग आठवलं, मीही महिनाभर तेच केलं होतं.

वहिनींनी फोन त्याच्या हातात दिला. दोघंही गप्प. नेहमीसारखं. मग तो म्हणाला, "जिना उतरताना कठडा कुठल्या हाताने धरतेस?"

मी म्हणाले, डाव्या.

"मीपण," म्हणाला.

दोन तास बोललो.