चाकं काढलेली बस

आये, परवा आंबोलीला एका हॉटेलवाल्याने अंगणात जुनी बस आणून आत पलंग टाकलेले पाहिले. लोक हौसेने फोटो काढत होते. मेल्यांना काय ठाऊक! आपण ते कधीच करून बसलो होतो. एसटी आली आणि खाजगी गाड्या बंद झाल्या तेव्हा बाबा चालवायचे ती बस चाकं काढून आपल्याच जागेत पडून राहिली. बाबा गेल्यावर तू सीटा उपटल्यास, दोन खाटा घातल्यास, शेजारच्या तिकिटांच्या पत्र्याच्या खोलीत चूल मांडलीस आणि मे महिन्यात हवा खायला येणारी माणसं ठेवू लागलीस. हिंमत तुझी मोठी, ते मी नाकारत नाही. पण त्या बसने आपल्या घराचं वाटोळं केलं.

मी बारा वर्षांची, धाकटी आठची. त्या वर्षी मुंबईची एक बाई नवऱ्याबरोबर पंधरा दिवस राहिली. आपल्यातलीच, पण विटाळ भारी पाळणारी. माझ्या हातची भाकरी तिला आवडली आणि तिने मला घरकामाला मागितलं. तू लगेच हो म्हणालीस. माझी सातवीची फायनल परीक्षा राहिलीय, मी रडून सांगितलं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "फायनल घेवन काय चाटूचां आसा? दोन येळ पोटभर जेवशीत थंय." तेव्हा तुझा इतका राग आला होता, काय सांगू.

निघायच्या सकाळी बाई बसमध्ये सामान बांधते आहे. मी दारात उभी राहून म्हणते, "मला तीन दिवस कावळा शिवलाय." तीन दिवस ती माझ्याच हातचं जेवली होती. मटकन खाली बसली, मग किंचाळलीच. तू धावत आलीस. मला हात लावता येईना म्हणून लांबूनच चुलीतलं लाकूड फेकलंस. "तोंड शिवलेलां काय तुझां?" नडगीवरचा वण अजून आहे. पण मी सुटले होते, मनातून नाचत होते.

मग बाईचं लक्ष धाकटीकडे गेलं. ती काजूचं बोंड चोखत उभी होती. "हिलाच द्या," बाई म्हणाली. "चार-पाच वर्षं तरी विटाळाची कटकट नाही." तू तिची वेणी घातलीस, माझा धुतलेला परकर तिला नेसवलास. ती खुशीत होती, खऱ्या चालत्या बसमध्ये बसायचं होतं ना! मला गोठ्याजवळ बाजूला बसवलेलं. निघताना ती माझ्याकडे धावली, तर तू ओरडलीस, "शिवू नको तिका!" मी परकर आवरून मागे सरकले.

दुसऱ्या पावसाळ्यात पत्र आलं. ताप आला आणि गेली, एवढंच. त्यानंतर मला वाढताना तू रोज म्हणायचीस, "तूच खाल्लंस तिका." मी फायनल झाले, मास्तरीण झाले, तुला सांभाळलं. शेवटच्या दुखण्यात तू माझा हात धरलास. "माका माफ कर गो. अंगावरचां काय आपल्या हातात आसता? उगाच बोललंय तुका." मी तुझे पाय चेपत राहिले. ती माफी घेतली.

हा कागद आता चुलीतच जाणार. आये, मला पहिल्यांदा कावळा शिवला तो ती गेल्यानंतरच्या शिमग्यात. तोवर दर महिन्याला मी त्या बसमध्ये चार दिवस खोटीच बसत होते.