पाइप कोणाच्या हातात होता

मल्हारगंज, इंदूर
४ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस संबोधीचा सविनय जय भीम. वि. वि.

एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. एम.ए.च्या पेपरासाठी आलाय: सोव्हिएत संघ कोसळला, त्यात गोर्बाचेव्ह यांचा दोष किती? त्यांनी लोकांना बोलू दिलं, मत टाकू दिलं, आणि काही वर्षांत देशच उरला नाही. तुम्ही लष्करात रशियन गाड्या हाकल्यात, म्हणून विचारते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, नाहीतर तिथेच भांडले असते.

आता घरचं. घाबरू नका, पप्पा जिवंत आहेत. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेने बांधलाय. कारखान्याच्या युनियनचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी टाळ्यांवरची निवडणूक बंद केली, गुप्त मतदान आणलं, ठेक्यावरच्या कामगारांनाही मताचा हक्क दिला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माईक कोणीही घ्यावा, म्हणाले. रविवारी गेटसमोर सभा होती. घरातली एकटी ग्रॅज्युएट म्हणून मतं मोजायला मला बसवलं होतं. मोजणी झालीच नाही. ठेकेवाल्यांनी विचारलं की मताचा हक्क दिलात, पक्की नोकरी कधी? ती आपल्या हातात नाही, असं पप्पांनी खरं ते सांगितलं. पक्क्या कामगारांमधून कोणीतरी आईबहिणीवरून शिवी घातली. मग खुर्च्या उडाल्या, मग लोखंडी पाइप. एका म्हाताऱ्या फिटरचा डोळा फुटला. तो मतपेटीवर कोसळला आणि चिठ्ठ्या लाल झाल्या.

युनियनचे आता तीन तुकडे झालेत. पप्पा पाटीवर लिहितात की दोष माझाच. कोणी मारलं ते दिसलं नाही, असं त्यांनी पोलिसांना लिहून दिलंय.

मला दिसलं. ज्ञानदीपकाकांनी मारलं.

आजीला सांभाळून सांगा. तुमची माया अशीच राहो.
संबोधी

भुसावळ
८ फेब्रुवारी २०२५

चि. संबोधीस आबाचा जय भीम व पुष्कळ आशीर्वाद.

पत्र तुझ्या आजीला वाचून दाखवलं, काकाची ओळ सोडून.

तुझ्या त्या रशियन साहेबाचं म्हणशील तर दोष त्याचाच. घाटात उतारावर गिअर काढायचा नसतो, हे आम्ही नव्या रंगरुटालाही शिकवायचो. एम.ए.ला शिकवत नाहीत का? आपल्या थोरल्याने, तुझ्या बापाने, तेच केलं. युनियन वीस वर्षं दादागिरीवर चालली, पण चालली. कोणाचा डोळा गेला नव्हता. आता तो दोष अंगावर घेतोय, तर घेऊ दे. मोठ्या भावाचं कामच आहे ते.

ज्ञाना बारा वर्षं ठेक्यावर सडला. थोरल्याने आशा लावली, ती फुटली, तेव्हा त्याचा हात उठला. थोरल्याला दिसलं नाही ना? मग तुलाही दिसलं नाही. युनियन गेली ती गेली, घर मोडू नकोस. मला दोनच मुलगे आहेत, पोरी.

म्हाताऱ्याचं ऐक आणि जिवाला जप.
आबा

इंदूर
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस सविनय जय भीम.

गाडी उतारावर आणली कोणी, आबा? पप्पा स्टिअरिंगवर बसले तेव्हा ती घसरतच होती. त्यांची चूक आहे. पोटाला द्यायला काही नसताना त्यांनी आधी तोंडं उघडली. तेवढा दोष त्यांचा, आणि तेवढाच त्या साहेबाचाही, असं मी पेपरात लिहिलं. पण सगळा दोष एकावर टाकला की बाकीचे सुटतात. वीस वर्षं ओरबाडणारे सुटतात आणि पाइप उचलणाराही सुटतो.

इथे तर त्याच्या जागी दुसराच अडकला. पप्पांना मारलं म्हणून पोलिसांनी अंकुरला उचललं. ठेक्यावरचा वेल्डर तो. त्यानेच पप्पांना गर्दीतून ओढून काढलं, म्हणून त्याचा शर्ट रक्ताने भिजला होता. ठाण्यात त्याचे तळवे फोडले, अंगठ्याचं नख उपटलं. त्याची आई आमच्या दारात बसून पप्पांना विचारत होती की भैयाजी, तुम्ही तर पाहिलंत ना? पप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खालच्या मजल्यावरून आलेले काका जिन्यात उभे राहून ऐकत होते. ते तसेच खाली गेले.

मंगळवारी मी काकांच्या दारात गेले. मी ठाण्यात निघालेय, तुम्हीच आलात तर बरं होईल, असं सांगितलं. ते म्हणाले की जा, मोठी कलेक्टरीण लागून गेलीस. काकूने थोबाडीत मारली, कानातलं तुटून रक्त आलं. तशीच गेले. काकांचं नाव घेऊन जबाब दिला, वाचून पाहिला, सही केली. काल अंकुर घरी आला. काका आत आहेत. पप्पा माझ्याकडे बघत नाहीत.

तुमचा जय भीम यापुढे येईल न येईल. माझा मात्र घ्यावा.

संबोधी