लेथ लेकीला, ओव्हन हिला

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, चष्म्याच्या दुकानातून निवृत्त, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीबद्दल थोरल्या भावाला शंका आहे. "स्वयंपाकघरात लाकूड भाजणाऱ्याचं मृत्युपत्र कोर्टात टिकेल का?" असे तो चारचौघांत विचारतो. वडिलांनी माझ्या हवाली केलेला लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचे यंत्र, त्याला भंगारात काढायचा आहे. म्हणून सविस्तर खुलासा करतो.

कलम १. घर आधीपासूनच पत्नीच्या नावावर आहे. म्हणूनच मला अजून आत घेतात.

कलम २. अन्न टिकवण्याची, हवा ओढून घेणारी बरणी, तिचा पंप आणि ओव्हन पत्नीला. वस्तू तिने हौसेने आणलेल्या. परत करायला मला मरावे लागते आहे, याबद्दल दिलगीर आहे. कुजके लाकूड लेथवर धरले की त्याचा भुगा होतो. तेच बरणीत, रेझिन नावाच्या पातळ रसायनात बुडवून हवा ओढली की बुडबुडे निघतात, हवा परत सोडली की रेझिन आत शिरते, आणि ओव्हनमध्ये तापवले की टणक होते. माझा पहिला ठोकळा दोन दिवस बुडबुडे सोडत होता. मी कौतुकाने बघत बसलो.

"बाबा, ही हवा नाही, लाकडातली ओल आहे," लेक म्हणाली. मी तिला गप्प केले. ओव्हनमध्ये सगळे रेझिन बाहेर येऊन जाळीला चिकटले. जाळी अजून निघत नाही.

कलम ३. लेथ आणि सर्व पटाशा लेकीला. पुढचा ठोकळा तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोलला आणि ओल सुकून वजन घटायचे थांबेपर्यंत मला हात लावू दिला नाही. त्याचा वाडगा झाला, न फुटता. तिचे आधी ऐकले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कलम ४. थोरल्या भावाला भुगा. पोती तीन.

सहीच्या वेळी पत्नी साक्षीदार म्हणून पुढे झाली. वकील म्हणाले, "वहिनी, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कलम दोन सोडावं लागेल."

"म्हणजे हा ओव्हन माझ्या गळ्यात येणार नाही?"

"नाही."

"आणि लेथ लेकीलाच?"

"हो."

"मग पेन द्या."

ठिकाण: स्वयंपाकघर, परवानगीने.
दिनांक: नऊ फेब्रुवारी.
सही: लिहून ठेवणार.

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर.

साक्षीदार २: पत्नी. स्वहस्ते: "मी समोर होते. हे पूर्ण शुद्धीत आहेत. मोठ्या दिरांना शंका असेल तर त्यांनी मला येऊन विचारावं."