गमची नखं

सुझान,

तू कुवेतहून आणलेली दोन्ही प्रकारची खोटी नखं काल मी माझ्याच बोटांना लावून पाहिली. चिकटपट्टीची होती ती बोंबील साफ करताना निघाली. एक अजून सापडलेलं नाही, कालवण जपून खा. गमने चिकटवलेली मात्र टिकली. आपल्या पार्लरात तीच ठेवू.

सहा वर्षं नवऱ्या मी सजवतेय, आणि आता सगळ्या विचारतात, "कुवेतवाली आहे का?" तुझा भाऊसुद्धा! लग्नानंतर काल पहिल्यांदा माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "सुझानने छान लावलीत."

मनवेलपाड्याच्या नवरीने आज तुलाच बोलावलंय. तू झोप. नखांचा डबा आणि गम घेऊन मी जातेय. तिने तुला कधी पाहिलेलं नाही. विचारलंच तर सांगेन, कुवेतवाली मीच.

रोझलिन वहिनी