बायनोव्ह्यूअर बिघडलाच नव्हता

रविवार, माघ शु. द्वादशी
आठजणांसमोर एका सरळ माणसाला खोटं पाडलं आणि तो खरं बोलत होता, हे आज कळलं. सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते.

बुधवारी आमच्या आकाश-मंडळाची माणसं सड्यावर, गावाबाहेरच्या कातळपठारावर, जमली होती. गवाणकर (एसटी वर्कशॉपमधून निवृत्त) माझा बायनोव्ह्यूअर, दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी बघायचं जोडयंत्र, आठवडाभर वापरून परत घेऊन आले. दुर्बिणीला लावला, मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, तर चंद्र दोन. एक किंचित वर.
"उघडलात ना हा?"
"नाय बाई. पेचाला हातसुद्धा नाय लावला."
"आत प्रिझम असतात, गवाणकर. ही एसटी नव्हे, पाना फिरवला की चालू व्हायला."
सगळे हसले. ते स्कूटरला किक मारून गेले.

आज संध्याकाळी शेजारच्या निर्मलाताई गच्चीवर आल्या. आधीच बजावलं, दोन दिसतील, यंत्र बिघडलंय.
"छे हो, एकच आहे! खड्ड्यात बोट घालावं असा."
मग घरातली दोन डोळ्यांची जुनी हातदुर्बीण काढली, तिच्यातून चंद्र पाहिला. दोष यंत्रात असता तर तिच्यात एकच दिसला असता. दिसले दोन. डाव्या डोळ्याचा वर.

दोन मिनिटांची परीक्षा. एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. पडताळा न घेता निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलींची जर्नल्स टेबलावरून भिरकावली आहेत मी.

मंगळवार, चतुर्दशी
डोळ्यांचे डॉक्टर. डावा डोळा जरासा खाली सरकतो म्हणाले. एरवी मेंदू सांभाळून घेतो, यंत्रातून बघताना जमत नाही. "नवा नाही हा दोष. बरेच दिवस असणार."
बरेच दिवस.
चष्म्यात प्रिझम बसवायचं ठरलं.
घरी येऊन मंडळाच्या ग्रुपवर चार ओळी टाइप केल्या. खोडल्या. पहिली ओळ डॉक्टरांपासून सुरू होत होती. म्हणजे सहानुभूती मागत होते.

गुरुवार, वद्य प्रतिपदा
ग्रुपवर कुणीतरी: "शनिवारी गुरू बघू या. पाने घरी ठेवून या हं!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. माझीच कोटी.
तासाभराने गवाणकर ग्रुपमधून बाहेर पडले. वाचलं. फोन पालथा ठेवून दिला मी.

शनिवार, तृतीया
दुपारी गवाणकरांकडे गेले. त्यांच्या पत्नी ओटीवर होत्या. "आंब्याच्या कलमांत गेलेत फवारणीला. पाचला येतील. बसा ना बाई, सरबत करते."
बसले नाही. बायनोव्ह्यूअरची पेटी पुढे केली. म्हटलं, त्यांना वापरू दे, हवे तितके दिवस.
"नीट झाला वाटतं?"
"हो."
असं गेलं तोंडातून. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. त्यांना तर पहिल्यापासून माहीत आहे, तो बिघडलाच नव्हता. आता माझं हे "हो" संध्याकाळी त्यांच्या कानावर जाईल.
रिक्षा वळवता आली असती. नाचणे रोडपर्यंत हेच म्हणत होते.
आज सड्यावर गेले नाही. ढग नव्हते.

दिलं: बायनोव्ह्यूअर एक. वीस मिलिमीटरच्या आयपीस दोन. बार्लो भिंग एक. पुसायचं फडकं. सौ. गवाणकरांच्या हाती, पावणेचार वाजता.
चिठ्ठी: दिली नाही. लिहिलीच नव्हती.