ओल धरलेली भिंत

प्रिय ठमे,

जावईबापूंची कंबर आता कशी आहे? नातीचा हलणारा दात पडला का, की अजून जिभेने ढकलत बसते? आणि तुझा खोकला? स्वतःबद्दल तू कधी लिहीत नाहीस. पाकिटात तुझ्या आईच्या गुडघ्याचं औषध आणि वर दोन ओळी. औषध लागू पडतंय. आई जिना चढते, फक्त चढताना माझ्या नावाने बोटं मोडते.

माझी बातमी ऐकून हसशील. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, आता म्हातारपणी चित्रं काढतोय. कुणी शिकवलं नाही. उरल्यासुरल्या डब्यांतला रंग, मोडक्या कपाटांची दारं आणि आपला हात. त्यात झाड नाही, घर नाही, माणूस नाही, नुसते रंग. शेजारच्या शिंप्याने बराच वेळ मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, सुलटं कसं धरायचं तेवढं तरी सांगा. आई म्हणते, याहून डबे पुसायचं फडकं बरं दिसतं. पण वाचनालयाच्या बाई एक दार त्यांच्या दालनात लावणार आहेत.

याची सुरुवात आपल्या धाकट्याच्या खोलीत झाली. तो तलावात बुडून गेला त्या दिवसापासून त्याची पिवळी भिंत मला बघवत नव्हती. गेल्या वर्षी तिच्यावर पांढरा रंग दिला. खिडकीखाली ओल होती, हाताला कळली होती. तरी वरून फासला. जन्मभर गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडलो की ओल दाबता येत नाही, खरवडावी लागते; आणि स्वतःच्या घरी नेमकं तेच केलं. दीड महिन्यात पापुद्रे सुटले, खालचा पिवळा पुन्हा दिसायला लागला. एक पापुद्रा हातात घेऊन बसलो, मग तोच पिवळा कालवून एका दारावर लावला. पोटभर रडलो. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की बसतो. छातीवरचा धोंडा थोडा सरकतो.

पण प्रत्येक दारावर पिवळ्याशेजारी एक काळा पट्टा येतो. झाकला तर दुसरीकडे निघतो. मला वाटायचं, तो तलाव आहे. परवा कळलं, ते माझं वाक्य आहे. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू ओल्या कपड्यांत कुडकुडत उभी होतीस आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू त्याला नेलंसच कशाला?"

 त्यानंतर दोन वर्षं तू घरी आली नाहीस, आणि मी आपला औषधाची पोच लिहीत राहिलो. ठमे, तुला ठाऊक नाही ते आज लिहितो. तू माहेरी आली होतीस, त्या सकाळी तो घरात धुडगूस घालत होता. मीच त्याला म्हणालो, डोकं खाऊ नकोस, ताईच्या मागे लाग, ती नेईल तुला तलावावर. तू नाही नेलंस, मी पाठवला. हे मी तुझ्या आईलाही काल सांगितलं. येत्या महिन्यात वाचनालयाच्या भिंतीवर माझं रंगवलेलं दार लागेल तेव्हा पायऱ्यांवरची तीच माणसं येतील. तू ये अगर न ये, सगळ्यांदेखत बोललो ते सगळ्यांदेखतच मागे घेणार. आलीस तर मात्र ती भिंत दोघं मिळून खरवडू. दोन पाती घासून ठेवली आहेत. लहानपणी माझ्याहून सफाईने खरवडायचीस.

या वेळी औषध नको पाठवूस. मनातलं लिही, शिव्या असल्या तरी चालतील, पण लवकर लिही. पोस्टमनला रोज जिन्याखालीच गाठतोय.

तुझाच,
बाबा